डबीवरचं नाव

मी रागीट माणूस. पूर्वी लोक हे कौतुकाने सांगायचे आणि मीही ते खुशाल ऐकून घ्यायचो. कारखान्यात खराब माल समोर आला की मी तो जमिनीवर आपटायचो, घरी पोरांच्या पाठीत रट्टे घालायचो, आणि दोन्हीकडे मला वाटायचं की आपलं काम कसं चोख चाललंय. सांगतोय ते चेन्नईतल्या दुसऱ्या वर्षाचं. थोरला बारावीत होता, धाकटा अकरावीत. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि थोरल्याला ती परीक्षा देता येणार की नाही हे माझ्या एका शब्दावर ठरायचं होतं. तो शब्द मी बोलून मोकळा झालो.

आम्ही मूळचे चिंचवडचे. चेन्नईजवळच्या ओरगडमला तेव्हा गाड्यांचे कारखाने नुकतेच उभे राहत होते, कंपनीने मला तिकडे क्वालिटीला पाठवलं. घर तांबरमला घेतलं आणि पोरांना जवळच्याच एका खाजगी शाळेत घातलं. प्रवेशाचे फॉर्म मी स्वतः भरले, आपल्याकडे भरतात तसे. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग बापाचं. तिकडे आडनाव ही भानगडच नाही. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे, त्याला इनिशिअल म्हणायचं, आणि मागे स्वतःचं नाव, संपला विषय. शाळेच्या कारकुनाने काय केलं, पहिला शब्द म्हणजे आमचं आडनाव, तेच मुलाचं नाव म्हणून हजेरीत उतरवलं, शेवटच्या शब्दाचं एक अक्षर पुढे जोडलं आणि मधलं गाळून टाकलं. दोन्ही पोरांच्या बाबतीत तेच.

बायकोच्या लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, दोघांचं नाव एकच झालंय हजेरीत. जाऊन सांगून या ना."

"बरंय की. एक हाक मारली की दोघे येतील," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. आमच्या आडनावाचा मला फार माज होता. शाळेत मास्तर थोरल्याला 'पेरियवन' म्हणजे मोठा आणि धाकट्याला 'चिन्नवन' म्हणजे छोटा म्हणायला लागले, आणि त्यांचं काम भागलं. नाव दुरुस्त करायला मी कधी गेलो नाही.

जानेवारीत शाळेच्या मागच्या भिंतीजवळ गांजाच्या पुड्या सापडल्या. शाळेचे मालक-चालक, ज्यांना तिकडे करस्पॉन्डंट म्हणतात, त्यांनी पालकांची सभा बोलावली. अकरावी-बारावीच्या सगळ्या मुलांची लघवी तपासायची, जो सापडेल त्याच्या हातात दाखला ठेवायचा, मग तो कुणाचाही असो. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाल्या, परीक्षेच्या तोंडावर हे कशाला? मी उठून उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो की तपासा, जरूर तपासा, आणि माझी पोरं सापडली तर आधी फोडून काढा, मग मला फोन करा. टाळ्या पडल्या. संमतीच्या कागदावर पहिली सही माझी होती.

तपासणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून मदतीला गेलो. हौस, दुसरं काय! मुतारीच्या दाराशी पी.टी.चे मास्तर वेताची छडी घेऊन उभे होते. हजेरीवरून नाव वाचायचे, चिकटपट्टीवर लिहायचे, डबीला लावायचे आणि डबी पोराच्या हातात द्यायचे. एक बारकासा पोरगा घाबरून गेला होता, त्याला काही केल्या होईना. मास्तरांनी त्याला तीन तांबे पाणी पाजलं, मग मांडीच्या मागच्या बाजूला छडी ओढली. पोरगा ओरडला आणि उभ्या उभ्या चड्डीतच झालं. रांग हसली. मीही हसलो. मास्तरांनी त्याची मान धरून त्याला भिंतीवर ढकललं आणि दुसरी डबी हातात दिली.

माझी दोन्ही पोरं माझ्यासमोरून गेली. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटा माझ्याकडे बघून हसला. एक खोकं अकरावीचं, एक बारावीचं, दोन्ही खोकी लॅबच्या गाडीत चढली. डबीवर वर्ग नाही, हजेरी क्रमांक नाही, नुसतं नाव. मी क्वालिटीचा माणूस. कारखान्यात एखाद्या बोल्टच्या पेटीवर बॅच नंबर नसेल तर मी अख्खा ट्रक परत पाठवायचो. आणि इथे समोर उभा राहून मला ते दिसलं नाही.

चार दिवसांनी कामावर फोन आला, ताबडतोब या. शाळेत पोचलो तेव्हा पोरांना वर्गातून बोलावून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलेलं होतं. आत मुख्याध्यापक होते आणि पी.टी.चे मास्तर. टेबलावर लॅबची यादी, दोन्ही वर्ग एकत्र करून अक्षरांच्या क्रमाने लावलेली. त्यात आमचं आडनाव एकाखाली एक दोनदा आलं होतं. एकापुढे काही नाही. दुसऱ्यापुढे लाल पेनाने गोल.

मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सार, नाव एक, इनिशिअल एक. यातला कोणता ते आम्हाला कळत नाही. तुम्ही वडील आहात. तुम्हाला काय वाटतं? कोणता?"

"मोठा," मी म्हणालो.

विचारायचं काय होतं त्यात? थोरल्याला चेन्नईला यायचंच नव्हतं. चिंचवडचं क्रिकेट सुटलं, मित्र सुटले, त्याचा राग तो दीड वर्ष माझ्यावर काढत होता. केस वाढवले होते, उलट बोलायचा, एकदा शर्टाला सिगरेटचा वास आला होता. धाकट्याचं मात्र विचारू नका! सहा महिन्यांत तमिळ फाडफाड बोलायला लागला, वर्गात पहिल्या पाचांत, मी घरी आलो की पाण्याचा तांब्या घेऊन पुढे. असा मुलगा गांजा ओढेल? माझ्या मनात त्याचं नाव आलंसुद्धा नाही.

थोरल्याला आत बोलावलं. "मी नाही," तो म्हणाला. पी.टी.च्या मास्तरांनी त्याला हात पुढे करायला लावला आणि सात-आठ छड्या मारल्या. तो परत म्हणाला, "मी नाही." मग माझंच डोकं फिरलं. परक्या माणसाच्या हातून आपलं पोर मार खातंय आणि कबूल करत नाही, म्हणजे माझंच नाक कापलं की! मी खुर्चीवरून उठलो आणि त्याच्या कानाखाली अशी काढली की तो कपाटावर जाऊन आदळला. कपाटावरची ढाल खाली पडली. "मग कोण?" मी ओरडलो. "तू नाहीस तर कोण, सांग!"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. त्यानंतर त्या खोलीत तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, पकडला गेला. मुख्याध्यापक म्हणाले, करस्पॉन्डंट सोमवारी येतील, दाखला तेव्हा मिळेल, हॉल तिकीट मिळणार नाही. म्हणजे बारावी गेली, वर्ष गेलं. मी म्हणालो, द्या, असंच पाहिजे त्याला. आणि त्यांच्या कागदावर सही केली.

घरी आल्यावर मी पट्टा काढला. हे सगळं लिहायला नको असं बायको म्हणते, पण अर्धंच सांगायचं तर सांगूच नये. पट्टा पाठीवर, दंडावर, पायांवर, जिथे लागेल तिथे. तो ओरडत नव्हता, त्याने मी जास्तच पेटत होतो. बायको मध्ये आली, तिच्या मनगटावर एक बसला. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि मी त्याला म्हणालो, "बघ, नीट बघून ठेव." थोरला निसटून दाराकडे पळाला. आमच्या फ्लॅटला लाकडी दाराबाहेर लोखंडी ग्रिलचं दार होतं, त्या बाजूच्या सगळ्या घरांना असतं. तो बाहेर पडत होता, त्याचा उजवा हात चौकटीवर होता, आणि मी ते ग्रिल सगळी ताकद लावून ओढून घेतलं.

तो आवाज मी विसरलेलो नाही. तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, स्कूटरवरून पडला. डॉक्टरांनी त्याचा शर्ट वर करून पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि नर्सला तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. ती माझ्याकडे पाठ करूनच उभी राहिली. कोपरापर्यंत प्लास्टर घालून आम्ही परत आलो. माझा राग अजून शमला नव्हता, हे सांगायला लाज वाटते. मला वाटत होतं की पोराने मला हे करायला लावलं.

हे शुक्रवारी झालं. रविवारी सकाळी बायको थोरल्याला भात भरवत होती. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्याने त्याला जमत नव्हतं. धाकटा समोर ताट घेऊन बसला होता, दोन दिवस त्याने नीट खाल्लं नव्हतं. मी पेपर वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो. एकाएकी धाकट्याने ताट पुढे सारलं आणि म्हणाला, "बाबा, ते माझं होतं."

"काय तुझं?"

"डबी. दादाची नव्हती. माझी होती."

मग तो सगळं ओकला. नोव्हेंबरपासून ट्यूशनच्या दोन पोरांबरोबर गच्चीवर ओढायचा. थोरल्याने त्याला डिसेंबरात पकडलं होतं, दोन थोबाडीत दिल्या होत्या आणि आईची शपथ घ्यायला लावली होती. त्याने शपथ घेतली, आठ दिवस पाळली. शाळेत त्या खोलीबाहेर बाकावर बसले होते तेव्हा तो थोरल्याला म्हणाला होता की दादा, मला वाचव, बाबा मला मारून टाकतील. थोरला एवढंच म्हणाला होता की तू गप्प बस.

ऐकता ऐकता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय करावं? त्या पोराने दोन दिवस जळून, सगळा जीव गोळा करून खरं सांगितलं होतं. मी पट्ट्याला हात घातला. नालायका, तुझ्यामुळे मी त्याचा हात मोडला, असं काहीतरी मी ओरडत होतो. धाकटा भिंतीला टेकून डोकं हातांत घेऊन खाली बसला. मी पट्टा वर उचलला.

थोरला कधी उठला मला कळलं नाही. त्याने गळ्यातली झोळी काढून टाकली आणि प्लास्टरचा हात माझ्या तोंडावर मारला. मोडलेला हात! मी मागे गेलो, सोफ्याच्या कडेला अडखळलो आणि फरशीवर आपटलो. तोंडातून रक्त आलं, पुढचा एक दात हलायला लागला. तो माझ्या डोक्यावर उभा होता, सतरा वर्षांचा पोरगा, वेदनेने पांढराफटक पडलेला, हात छातीशी धरलेला. "त्याला हात लावलात तर परत मारीन," तो म्हणाला. "आणखी मारीन."

मी बायकोकडे बघितलं. तिच्या बोटांना भात लागलेला होता. ती उठली नाही.

"लागलं का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"लागू दे," ती म्हणाली.

मी किती वेळ फरशीवर बसलो होतो कोण जाणे. कुणी उठवायला आलं नाही. मला मारल्याचा राग येईल अशी मी वाट बघत होतो, आणि तो येत नव्हता. मला भीती वाटत होती. कारण सोमवारी शाळेत जाऊन मी खरं सांगितलं तर धाकट्याचा दाखला, नाही सांगितलं तर थोरल्याचा. दोघांतलं एक पोर मीच बाहेर काढणार, आणि एकदा ते मी करून बसलो होतो.

सोमवारी गेलो. ओठ सुजलेला होता. करस्पॉन्डंट, मुख्याध्यापक, पी.टी.चे मास्तर, तिघेही होते. मी म्हणालो, शुक्रवारी मी मोठा म्हणालो ते चूक होतं. मला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं.

"मग छोटा?" करस्पॉन्डंट म्हणाले.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खोटं बोललो, चांगलं डोळ्यांत बघून बोललो. "तुम्हालाही माहीत नाही. डबीवर वर्ग नाही, नंबर नाही. माझ्या कारखान्यात असला माल आला तर मी तो नापास करू शकत नाही. कुणाचा म्हणून नापास करू?"

"मग दोघांची परत तपासणी करू," ते म्हणाले.

"सही देणार नाही," मी म्हणालो. सभेत पहिली सही करणारा मी! करस्पॉन्डंटनी तेच ऐकवलं. मी म्हणालो, हो, केली होती, गाढव होतो. पी.टी.च्या मास्तरांनी छडी टेबलावर आपटली आणि म्हणाले, असे बाप असतात म्हणून पोरं बिघडतात. त्यांचं बरोबरच होतं, पण मी ती छडी त्यांच्या हातून हिसकावली आणि गुडघ्यावर मोडायला गेलो. मोडेना. वेत मोडत नाही, वाकतो. दोनदा, तीनदा प्रयत्न केला, गुडघा सोलला, शेवटी खिडकीतून बाहेर फेकून दिली. त्यांनी माझी कॉलर धरली, मी त्यांची. मुख्याध्यापक मध्ये पडले नसते तर आम्ही दोघं तिथेच जमिनीवर लोळलो असतो. मी ओरडत होतो की माझ्या पोराचा हात मोडलाय, हॉल तिकीट द्या, नाहीतर मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्या डब्यांचं सगळं सांगतो, छड्यांचंही सांगतो.

कुणी मोडला हात, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक ओळखलं असावं. करस्पॉन्डंटनी यादीची घडी घातली आणि म्हणाले, हॉल तिकीट घेऊन जा, लेखनिकाची सोय करतो, पण एप्रिलनंतर दोघांपैकी एकही या शाळेत दिसता कामा नये. मी मान हलवली. पुढे धाकट्याला घेऊन बायको चिंचवडला तिच्या भावाकडे गेली, तिकडे एका डॉक्टरांकडे त्याला वर्षभर नेत होती. तो सुटला त्यातून. माझ्यामुळे नाही सुटला.

पहिला पेपर सकाळी दहाला होता. बायकोने थोरल्याच्या डाव्या तळहातावर दही-साखर ठेवलं. तो देवाला आणि आईला नमस्कार करून खाली आला आणि स्कूटरवर माझ्या मागे बसला. प्लास्टर त्याच्या पोटाशी होतं, गचका बसला की माझ्या पाठीला लागत होतं. त्या रविवारनंतर आम्ही दोघं एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. रात्री मी मनात पाठ केलं होतं की माफी मागायची, हाताबद्दल, पट्ट्याबद्दल, सगळ्याबद्दल. जीएसटी रोडला, म्हणजे तिकडच्या हायवेला, सिग्नल लागला तेव्हा मी सुरुवात केली.

"तुझ्या हाताचं..."

"हाताचं राहू दे, बाबा," तो मागून म्हणाला. "एक विचारू?"

"विचार."

"सरांनी आत तुम्हाला विचारलं ना, कोणता म्हणून. आम्ही दाराबाहेरच होतो. मग तुम्ही मोठा म्हणालात. मध्ये तुम्ही किती वेळ थांबलात?"

शेजारी बस उभी होती, तिच्या इंजिनाच्या आवाजाचा आडोसा घेऊन ऐकूच आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण मी खोटं बोललो तर त्याला कळलं असतं.

"थांबलोच नाही," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. "मला वाटलं, थांबला असाल. मलाच ऐकू आलं नसेल."